पहिली पोळी कोपीची

अनघा : आई, पिशवी उघडा.

लीलाबाई : इथे? जनावरांच्या दवाखान्यात, सगळ्यांदेखत?

अनघा : कोपीचं नाक त्या पिशवीवरून हलत नाहीये. पोळी आहे ना आत?

लीलाबाई : आहे. एकच आहे.

अनघा : आणि दुसरी त्याच्या पोटात?

लीलाबाई : काहीतरीच काय, अनघा!

अनघा : मागच्या खेपेलाही असंच म्हणालात. तुपात भिजलेली पोळी खाऊन आला आणि नळीत रक्तावरचं पाणी दुधासारखं पांढरट. तपासणी रद्द. नव्या औषधाच्या या ट्रायलमध्ये आता एकच जागा उरलीय. आज पुन्हा तसं झालं तर ती दुसऱ्या कुत्र्याला जाईल.

लीलाबाई : लग्न होऊन आले तेव्हापासून तव्यावरची पहिली पोळी कुत्र्याला. वाटलं, एका पोळीनं काय होतंय.

अनघा : कॅन्सर आहे त्याला, आई. गळ्याखालच्या गाठी बघा जरा.

लीलाबाई : बघते की. रोज हात फिरवते. तुम्ही दोघं ऑफिसला गेलात की ह्या परक्या देशात, टॅम्पिनीसच्या त्या फ्लॅटमध्ये मला बोलायला तोच तर असतो.

धम्मदीप : अनघाताई? मी धम्मदीप, ट्रायलचं काम बघतो. फोनवर बोललो होतो आपण. ह्या काकू?

अनघा : माझ्या सासूबाई. त्या पोळीवाल्या.

लीलाबाई : अगं बाई, इथवर पोचली का ती पोळी! मराठीच का तुम्ही?

धम्मदीप : नागपूरचा. काकू, आज काही खाल्लं का यानं?

लीलाबाई : नाही.

अनघा : नक्की?

लीलाबाई : नक्की म्हणजे काय? तुझा नवरा, सुबोध, डब्याशिवाय ऑफिसला गेलाय आज. त्याला विचार.

अनघा : त्याचा काय संबंध?

लीलाबाई : पहिली पोळी लाटली, ती कोपीची. त्याला आज द्यायची नाही. मग त्याच्याआधी दुसरी कुणासाठी करू? तवा उतरवून ठेवला.

अनघा : म्हणून सुबोधला बाहेर हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर जेव म्हणालात? आणि तुम्ही?

लीलाबाई : मी काय, मी चहा घेतलाय.

धम्मदीप : द्या पट्टा इकडे. रक्त घेतो.

लीलाबाई : थांबा. गुण येणार ना पण?

धम्मदीप : ते माहीत असतं तर ट्रायल कशाला लागली असती, काकू? काही कुत्र्यांच्या गाठी विरल्या, काहींच्या नाही. त्याला त्रास व्हायला लागला तर तुम्ही म्हणाल तेव्हा थांबवू.

लीलाबाई : खरं बोललात. न्या त्याला.

(थोड्या वेळाने. धम्मदीपच्या एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात काचेची नळी.)

धम्मदीप : हे बघा, ताई. रक्तावर आलेलं पाणी उजेडात धरून बघा.

अनघा : स्वच्छ आहे! आई, आरपार दिसतंय!

धम्मदीप : बाकीच्या तपासण्याही ठीक आल्या. शेवटची जागा कोपीची. औषध आजच सुरू करतो.

अनघा : मिळाली! आई, मिळाली!

लीलाबाई : अगं हो, हो, चष्मा पडेल माझा. सगळे बघताहेत.

अनघा : बघू देत! आणि मघाशी मी जे बोलले ना...

लीलाबाई : राहू दे ते. डॉक्टर, आता चालेल का ह्याला?

धम्मदीप : चालेल. फक्त तूप नको.

लीलाबाई : लावलंच नाहीये आज. ये रे कोप्या. सावकाश, सावकाश!

अनघा : तुम्हीही काहीतरी खाऊन घ्या ना, आई. खाली कॅन्टीन आहे.

लीलाबाई : त्याचं होऊ दे. मग घरी जाऊन तवा ठेवते.