मंदाच्या कमरेची चाबी

आमी उमरेडचे विणकर. बाप मागावर, माय कांड्या भरे, अन् आमी दोघी बहिणी सुताच्या लडीतच वाढलो म्हणा ना. मी मोठी, मंदा धाकटी. गरम भाकर पयले तिले, जत्रेतली रिबिन पयले तिले, अन् मी हात धुऊन मागं उभी. काय सांगू तुम्हाले, तेव्हापासूनची आहे ही जळजळ, आता या वयात लपवून काय फायदा.

एकदा बापाले सोसायटीतून फुकट सूत भेटलं. ते असं तुटे, असं तुटे का बाप दिवसभर गाठीच मारत बसे, लुगडं काई उतरलं नाई, अन् शेवटी त्यानं ताणाच कापून टाकला. आमी दोघीही तथी उभ्या होतो. माह्या डोक्यात ते बसलं ते बसलं, फुकटचं घ्याचं नाई. मंदा विसरून गेली, ती सुखी झाली.

मंग लग्नं दोघींची नागपुरातच झाली, अन् नशीबही सारखंच निघालं. माह्या नवऱ्यानं कामठीले पॉवरलूमवर काम धरलं, तथीच दुसरी ठेवली, अन् सासूनं मले घराबाहेर काढलं. पुढं मंदाचंही तेच, तिचा नवरा लकडगंजले लाकूड कापाच्या आरा मशीनवर, पिऊन मारे, एक दिवस पेटीसकट तिले रस्त्यावर आणलं त्यानं. पण कोर्टात पयले मी गेली. हे ध्यानात ठेवा, पयले मी.

मले काई बंगला नोको होता हो. सासरच्या घरात मागची एक खोली पाह्यजे होती, आपल्या कुलपाची. कोर्टात मदतीच्या टेबलामागं एक बाई बसून राहे, ती म्हणे, बाईमाणसाले वकील फुकट भेटते, अर्ज करा. मले बापाचं सूत आठवलं. मी म्हटलं नोको, अन् डोरलं मोडून आपला वकील केला. तो एका तारखेले ये, दुसरीले दिसेच ना. नवरा तं कधीच येत नव्हता, मालक सुट्टी देत नाई म्हणे. मी पोळ्या लाटाचं काम बुडवून दिवसभर व्हरांड्यात बसून राहो, अन् सांजच्याले पुढची तारीख घेऊन घरी.

मंदा आली माह्या मागून. तिनं गेल्या गेल्या फुकटचा वकील घेतला, एक तरुण मॅडम. त्या मॅडमनं तारीख मोबाइलवर कळाची सोय करून देल्ली, नवरा येत नाई तं त्याले आरा मशीनवरूनच स्क्रीनवर उभा केला, अन् जजसाहेबानं दोघाले मध्यस्थीच्या खोलीत पाठवलं. तथी एका बाईनं दोघाचंही शांतपणे आयकून घेतलं. झालं मंदाचं. मागची खोली, अलग दार, अलग चाबी. मले सांगाले पोट्टीनं पुडाची वडी करून आणली. म्हणे, ताई, खा नं. मी म्हटलं, दात दुखून राहिला. दात काई दुखत नव्हता.

अन् वरून काय, भाड्याच्या खोलीतून घरमालकानं मले काढलं तं तीच मले आपल्या खोलीत घेऊन गेली. तिच्या छपराखाली झोपाचं, तिच्या मडक्यातलं पाणी प्याचं, अन् तिच्यावरच जळाचं. ती चालली का कमरेच्या छल्ल्यात चाबी वाजे, मले वाटे मुद्दाम वाजवून राहिली. मुद्दाम नव्हती वाजवत, मालूम होतं मले. तरी.

या उन्हाळ्यात एक दिवस मी कामावरून लवकर आली. दाराले कुलूप. मी पायरीवर डोक्यावर पदर घेऊन बसली. समोरची बाई म्हणे, काहून वं, बहिणीची वाट पाहून राहिली का, ये अथी कुलरसमोर बस. तिनं चांगल्या मनानंच म्हटलं. पण माह्या आंगाची लाही झाली, उनानं नाई, त्या बोलण्यानं. बहिणीची वाट. जिंदगीभर हिच्या मागंच उभं राहाचं का मी.

दुसऱ्या दिवशी कोणाले न सांगता कोर्टात गेली, त्याच मॅडमजवळ. मॅडम म्हणे, मंदाताईनं सांगितलं होतं, मी तुमची वाटच पाहून राहिली. घ्या, अथीही मंदा आधी. पण खरं सांगू, पयल्यांदाच कोणीतरी माहे कागद पुरे वाचले, मले विचारत विचारत. हे सूत तुटणारं नव्हतं. नवऱ्याले आता कामठीहूनच स्क्रीनवर बोलावलं आहे, अन् मंग मध्यस्थी.

मंदा म्हणे, मी येऊ का संग. मी म्हटलं, नोको येऊ वं, एवढं तं माहं एकटीचं होऊ दे. तिनं काई मनाले लावलं नाई, उलट तिच्या कुलपाची दुसरी चाबी करून आणली माह्यासाठी. ती मी पिशवीत ठेवली, कमरेले नाई खोवली. कमरेची जागा माह्या चाबीची आहे.

तिचं भलं होवो, देवाजवळ रोज हेच मागणं आहे, खोटं नाई बोलून राहिली. पण माही खोली झाली का पयले तिलेच जेवाले बोलावीन, पुडाची वडी करीन, अन् ती आली का कुलूप मी उघडीन, सावकाश, तिनं घटकाभर बाहेर उभं राहून पाहावं.