विजयमालेचं कण्हणं

— हॅलो? … हॅलो… कोण, आक्का व्हय? अगं जरा मोठ्यानं बोल, हायवेच्या गाड्यांनी काय ऐकू येईना… थांब, खिडकी लावते.

खिडकी लावायला विजयमाला खुर्चीतून उठली आणि उठल्यावर तिच्या लक्षात आलं की, आपण गुडघ्यावर हात टेकलाच नाही. उंब्रजच्या त्या घरात दुपारच्या वेळी ती एकटी होती. तरी तिनं दाराकडं पाहून घेतलं. परत बसताना मात्र मांडीवर हात दाबला, 'आई गं' म्हटलं, आणि मग फोन कानाला लावला.

— हां, बोल… न्हाई गं, कुठली बरी? हाय तसंच हाय… अंकिता? दळण घेऊन गिरणीत गेलीया. म्हणून तर मोकळं बोलतीया… व्हय, रोज. सुटका न्हाई. त्या सिमरनकडं जायचं, पाय उचलायचं, आणि घरी येऊन परत तेच… अगं सिमरन! निजाम टेलरची पोरगी. फिजिओथेरपी शिकून आलीया… गुडघं दुखणाऱ्या बायकांना बोलवती आणि बसती कुठं, तर माडीवर! जिना चढून वर जाईस्तोवर निम्म्या बायका खालीच बसत्यात… हसू नको, खरं सांगते. गोळी न्हाई, इंजेक्शन न्हाई, तेल सुदीक लावत न्हाई. पाय सरळ करा म्हणती, धरून ठेवा म्हणती, हळू सोडा म्हणती. ह्याला औषध म्हणायचं?… तेच की! मी तरी काय म्हणते!

आक्का ही विजयमालेची थोरली बहीण, तासगावला दिलेली. दुपारची भांडी झाली की तिचा फोन यायचाच. व्यायाम शाळेतल्या पोरांनी करायचा, बाईमाणसानं कामात अंग मोडायचं, हे आक्कानं चार लग्नांत चार ठिकाणी बसून सांगितलेलं. दोघी बहिणींचं या बाबतीत अगदी एकमत होतं. फक्त एक गोष्ट विजयमालेनं आक्कालाही सांगितली नव्हती. गुडघा चांगलाच हलका झाला होता. परवा तर देवापुढची रांगोळी तिनं खाली बसून काढली आणि कुणाच्या आधाराशिवाय उठली. त्यानंतर तिनं ती रांगोळी पायानं थोडी विस्कटली, कारण—

— ऐक ना. एक गोष्ट सांगते, पण पोटात ठेव. अंकिता माझा व्हिडिओ काढती… अगं व्यायाम करताना! समोर मोबाईल धरून उभी ऱ्हाती. 'आत्या, पाय अजून ताठ. आत्या, इकडं बघा'… कशापायी म्हंजे? मला काय कळत न्हाई व्हय? वीरधवलला पाठवती. बग, तुझ्या आईचा पाय कसा वर जातोय म्हणून… आता क्वार्टर मिळालाय न्हवं त्याला. तिकडं पठाणकोटला. फॅमिली क्वार्टर.

क्वार्टर मिळाल्याचा फौजेतल्या मुलाचा, वीरधवलचा फोन आला, त्याच आठवड्यात अंकितानं सासूला रिक्षात घालून सिमरनकडं नेलं. ही दोन टोकं विजयमालेनं तेव्हाच गाठ मारून ठेवली होती. आईचे गुडघे बरे झाले की आईला माणूस लागत नाही. आईला माणूस लागत नाही, म्हणजे अंकिता मोकळी. नवरा, कृष्णात, सकाळी उसात गेला की अंधार पडल्यावर उगवणार. मग या घरात बोलायला कोण? टीव्ही. आणि टीव्हीला काही विचारलं तर तो आपलंच बोलत राहतो.

— तू तिची बाजू घेऊ नको, आक्का… असेल गुणाची! मी कवा न्हाई म्हटलं? गुणाची हाय म्हणूनच तर… बरं सोड ते. माझं ऐक… व्हय, केला की सकाळी. टॉवेल गुंडाळून गुडघ्याखाली घ्यायचा आन् वरनं दाबायचा. मांडी आवळायची… काय?… घट्ट गुंडाळू? सुटतोय म्हणून?… व्हय गं, सुटतोच तो सारखा, गुळगुळीत हाय, दाबला की उलगडून—

आणि विजयमालेचं तोंड उघडंच राहिलं.

टॉवेल सुटतो, ही काही फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. तिनं ती कुणालाच सांगितली नव्हती. तिनं फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडं एकदा बघितलं, आणि परत कानाला लावला.

— आक्का. माझा टॉवेल सुटतोय, हे तुला कुणी सांगितलं?… मी? मी कवा सांगितलं?… न्हाई. आज न्हाई आणि काल पण न्हाई… असेल अंदाज! तासगावात बसून तुला माझ्या टॉवेलाचा अंदाज येतोय व्हय?… खोकू नको. खोकला नंतर. आधी बोल… अंकिता पाठवती ना तुला?… अगं बाई. अगं बाई गं… कवापास्नं?

आता तिला एकेक आठवू लागलं. रोज दुपारी आक्काचे प्रश्न. आज केलास का? उचलताना दुखतं का सोडताना? वजन कोणत्या पायाला? बहिणीची काळजी म्हणून जे तिनं गोड मानून घेतलं होतं, ते सगळं आता तिला आंबूस लागलं. सून आणि बहीण. एकीनं मोबाईल धरायचा, दुसरीनं बघायचा. आणि मध्ये खुर्चीत ती, पाय वर करून.

— बघून हसत असशील. शेडवर बेदाणा निवडणाऱ्या बायकांना दाखवत असशील. बघा गं, आमची विजी म्हातारपणी शाळंत जातीया… मग कशाला मागवतीस? मनोरंजन म्हणून?… काय करतीस?… परत बोल. मला नीट ऐकू आलं न्हाई… तू?… तू स्वतः करतीस? व्यायाम?

विजयमालेला हसू येणार होतं. ते आलं नाही.

— कोणता गुडघा?… दोन्ही? अगं मग आजवर… म्हंजे यात्रेला आली न्हाईस तवा? 'बेदाणा शेडवर हाय, हलता येत न्हाई' म्हणालीस, आणि मी हिकडं धा जणींत तुझ्या नावानं खडं फोडलं… एष्टीची पायरी?… चढता आली न्हाई?… स्टँडवर येऊन परत गेलीस?… अगं मग सांगायचं न्हाई व्हय! जयराजनं गाडीतनं आणून सोडलं असतं की… लाज कसली? पोटच्या पोराची लाज?… बरं, बरं. रडू नको… मी कुठं रडतीया? सर्दी हाय.

तिनं पदरानं नाक पुसलं. जन्मभर शेडमध्ये मांडी घालून बसलेली आक्का, दार लावून, मोबाईल डब्याला टेकवून, विजयमालेकडं बघत पाय उचलत होती. लोकांना तोंडानं एक सांगितलं आणि गुडघ्यानं दुसरं. आणि शिकण्यासाठी मास्तर कोण निवडला, तर—

— बरं मग, फरक हाय का?… सूज? कसली सूज?… गरम लागतंय हाताला? आक्का, हे कवापास्नं?… थांब. कशानं आली? टॉवेलाच्या व्यायामानं न्हाई येत. वजनाचा करतीस का, पायाला बांधून?… काय बांधतीस?… बेदाणा?… अगं कसला बेदाणा, किती?… पिशवी भरून!… आक्का, मला सिमरननं मूठभर वाळूची पुरचुंडी बांधून दिलीया. व्हिडिओत ती मोठी दिसती, कारण मी वरनं ह्यांच्या जुन्या पँटीचं कापड शिवलंय… पण एवढं ओझं बांधायला तुला सांगितलं कुणी?… दुखंना म्हणून?… अगं दुखंना तर चांगलं न्हाई का! दुखायला कशाला पाहिजे?

पलीकडून उत्तर आलं तसा विजयमालेचा हात आपोआप गुडघ्यावर गेला, आणि या वेळी ते नाटक नव्हतं.

— मी कण्हते म्हणून?… म्हंजे, मी व्हिडिओत कण्हते… तसं तुझं व्हावं म्हणून तू रोज पिशवीत बेदाणा वाढवत गेलीस? दुखंस्तोवर?

अंकितानं मोबाईल वर धरला की विजयमाला कण्हायची. पाय वर जाताना 'आई गं', वर थांबला की 'मेले', खाली येताना एक लांब उसासा. पठाणकोटला ऐकू जावं म्हणून. सिमरननं पहिल्याच दिवशी गुडघ्यावर हात ठेवून सांगितलं होतं की मांडीला ताण आला तर घाबरायचं नाही, पण कळ आली की थांबायचं, सूज आली की बंदच करायचं आणि दाखवायला यायचं. विजयमालेनं ते एका कानानं ऐकलं होतं. दुसरा कान तेव्हा अंकिता फोनवर कुणाशी काय बोलतेय, तिकडं होता. आणि सिमरनचं हे बोलणं काही व्हिडिओत आलेलं नव्हतं. व्हिडिओत होतं फक्त कण्हणं.

तिनं दाराकडं बघितलं. गिरणीतून यायची वेळ झाली होती. आता कण्हणं खरं म्हणावं, तर आक्का उद्या पुन्हा पिशवी बांधणार. खोटं म्हणावं, तर आक्काचं आणि अंकिताचं रोजचं बोलणं. संध्याकाळपर्यंत ते सुनेच्या कानावर, रात्री वीरधवलच्या, आणि मग—

— आक्का, ऐक… आधी मला सांग, पिशवी आत्ता कुठं हाय?… पायाला? फोनवर बोलता बोलता?… सोड. आधी सोड, मग बोलू… सोडलीस? खाली ठेव. लांब ठेव… आता नीट ऐक. मला दुखत न्हाई… न्हाई दुखत. आधी लय दुखायचं, आता न्हाई… ते कण्हणं? खोटं हाय… खोटं म्हंजे खोटं गं! नाटक!… आता कुणाला म्हणून काय विचारतीस? पोरगी निघून जाईल म्हणून… दे, शिव्या दे. हक्क हाय तुझा… हां… हां… आईला मधी आणू नको… झालं?

आक्कानं बहुधा दम खाल्ला. मग ती दुसरंच काहीतरी सांगू लागली आणि विजयमालेच्या भुवया एकेक करून वर गेल्या.

— कोण म्हणालं? अंकिता?… 'आत्यांचं दुखणं थांबल्याशिवाय मी पठाणकोटचं नाव काढणार न्हाई'? असं म्हणाली?… तुझ्यापुढं चांगलं दिसायला म्हणाली असेल… मग व्हिडिओ त्याला पाठवती ते?… पाठवत न्हाई? तुलाच फक्त?… हे पण तीच म्हणाली असणार!… तिच्या मोबाईलात काय हाय ते तुला काय ठाऊक?… बरं बाई. ठेवते विश्वास… सगळा न्हाई. निम्मा.

फाटक वाजलं. पिठाचा डबा कडेवर घेऊन अंकिता आत आली. केसांवर, भुवयांवर पीठ. तिनं सासूचा चेहरा बघितला आणि डबा खाली ठेवायच्या आतच विचारलं. रोज विचारायची तेच. आज लय दुखतंय का आत्या?

विजयमालेनं फोन कानावरून काढला नाही.

— न्हाई गं पोरी. आज न्हाई दुखत… खरंच न्हाई… डबा ठेव आणि मोबाईल आण. व्हिडिओ काढ आजचा… आत्ताच. टॉवेल मी गुंडाळते, घट्ट… हां आक्का, हायेस ना? ऐकलंस न्हवं, काय सांगितलं तिला ते?… आता तुझं सांगते. सूज हाय तवर पाय उचलायचा न्हाई. जयराजला म्हणावं, आज डॉक्टरला दाखव. आणि सूज उतरली की गाडीत बसून हिकडं ये, सिमरननं तुझा गुडघा बघितल्याबिगर काय करायचं न्हाई… माडीचं सोड. ती येईल खाली, मी बोलवते तिला… व्हय, तू येशील तवर अंकिता हाय. पुढचं पुढं.

अंकिता मोबाईल धरून समोर उभी होती. विजयमालेनं पाय सरळ केला, मांडी आवळली.

— ठेवते आता… आणि आक्का, हा व्हिडिओ येईल, त्यात आवाज न्हाई आला, तर मोबाईल बिघडलाय असं समजू नको. तसंच करायचं असतंय… ठेवते.