काळ्या गादीवरचे पांढरे टाके

ओहायोच्या प्रदर्शनात अमेरिकन फुटबॉलची जुनी हेल्मेटं खेळाडूनं खरंच सामन्यात घातली होती का, ते तपासून देतात. माझ्या नवऱ्याचं हेल्मेट घेऊन मी रांगेत होते. पुढचा ड्वेन नावाचा बाप्या आईवर उगाच खेकसत होता. मला ते बिलकूल रुचलं नाही.

"मॉम, हे घासलंस कशाला?"

"तुझ्या डॅडींची वस्तू लोकांपुढं मळकी आणायची?"

"अगं, टकरीत समोरच्या संघाचा हिरवा रंग लागला होता, तोच पुरावा होता. जुन्या फोटोशी ते डाग जुळवतात. आता कोण म्हणेल हे सामन्यात घातलं होतं?"

"सामन्यातल्या या फोटोत ते बाकावर बसलेत ना? हेल्मेट उलटं आहे मांडीवर. आतली गालाची गादी बघ."

"काय आहे तिथं?"

"फाटली होती, मी शिवली. काळा दोरा संपला होता, म्हणून पांढरा घेतला. एवढा धिप्पाड गडी, पण सुईत दोरा ओवता यायचा नाही."

तपासनिसानं भिंग फोटोवर धरलं, मग गादीवर.

"टाका न् टाका जुळतोय, बाई. हेल्मेट त्यांचंच."

"बघ मॉम, मी म्हणत नव्हतो?"

माझ्यानं राहवलं नाही.

"पोरा, मैदान तुझ्या बापानं गाजवलं, पण त्याचं डोकं तुझ्या आईनं सांभाळलं. तिच्याशी बोलताना आवाज खाली ठेव."