बेटावर जायच्या आधी

नीलाबाई : पुन्हा तेच पान उघडून बसलात. पुड्या कोण बांधणार?

गुरुपादप्पा : ह्या पानाची पुडी मला बांधवत न्हाई, नीला. बघ तर खरं. असल्या निळ्या पाण्यात शेंगदाणे कसे घालू?

नीलाबाई : रद्दी म्हणून घेतलीत ना? आपलं दुकान किराण्याचं हाय, चित्रांचं न्हाई.

गुरुपादप्पा : लातूरचा जिल्हा झाला आन रद्दी सुधारली बघ. आधी नुसती वर्तमानपत्रं यायची. आता साहेब लोकांच्या घरून विलायती मासिकं येऊन राहिली. हे आपल्या वरच्या खोलीतल्या भाडेकरू साहेबांनी दिलं. वाचून बी त्यांनीच दाखवलं. ताहितीकडची बेटं हायत ही. माणसं थोडी, नारळ लई. मोटार न्हाई, भोंगा न्हाई.

नीलाबाई : आन पाणी?

गुरुपादप्पा : चारी बाजूंनी.

नीलाबाई : खारं.

गुरुपादप्पा : खारं तर खारं, डोळ्याला दिसतं तरी. आपल्या मळ्यातल्या विहिरीत काल वाकून बघितलं, तर बुडाला कुणाची तरी चप्पल पडलेली. जन्मात पहिल्यांदा त्या विहिरीचं बूड बघितलं मी.

नीलाबाई : कधी निघायचं मग?

गुरुपादप्पा : दिवाळीनंतर. लातूरहून छोट्या रुळाच्या गाडीनं कुर्डुवाडी. तिथून मोठ्या गाडीनं मुंबई. मुंबईहून विमान, मग अजून एक विमान, आन शेवटाला होडी.

नीलाबाई : छोट्या गाडीत मला मळमळतं.

गुरुपादप्पा : खिडकीपाशी बसवतो.

नीलाबाई : आन खायचं काय तिथं?

गुरुपादप्पा : फणसासारखं एक फळ असतं म्हणे, ते भाजून खातात. वर नारळाचं दूध. शिवाय आपण मेतकूट नेऊ, धपाटे नेऊ, शेंगांची चटणी नेऊ. तूप नेऊ डबाभर.

नीलाबाई : डबाभर कशाला?

गुरुपादप्पा : मनातलेच मांडे हायत, त्यात तूप कमी कशाला घालायचं?

नीलाबाई : ह्या चित्रातला माणूस काय करून राहिला?

गुरुपादप्पा : मासे धरून राहिला. मी बी असाच बसणार, पाण्यात पाय सोडून.

नीलाबाई : लिंगायत माणूस, गळ्यात लिंग घालून मासे धरणार? मठातल्या स्वामींच्या कानावर गेलं तर उंबऱ्यात उभं करायचे न्हाईत तुमाला.

गुरुपादप्पा : खायला थोडेच धरायचे? धरायचे आन सोडून द्यायचे.

नीलाबाई : मग त्या मुक्या जिवाच्या तोंडाला भोक कशाला?

गुरुपादप्पा : बरं, गळ लावतच न्हाई. नुसती दोरी, आन दोरीच्या टोकाला भाकरीचा तुकडा.

नीलाबाई : म्हणजे माशांना जेवायला घालायला चाललात. सातासमुद्रापार.

गुरुपादप्पा : हाव. आन मी काठावर दोरी धरून बसलो, की तू बुडी मारायची.

(नीलाबाई पुड्या बांधायला घेते.)

गुरुपादप्पा : तिथल्या बाया नुसत्या दमावर खाली जातात, नीला. नळी न्हाई, काही न्हाई. तळातून शिंपले घेऊन वर येतात. तुझ्या वयाच्या बी हायत त्यांच्यात.

नीलाबाई : तुमी जाऊन या. मी दुकान बघते.

गुरुपादप्पा : लोक काशीला जाऊन कारलं सोडतात. तू पोहणं सोडलंस. असला आतबट्ट्याचा सौदा कुणी करतं का?

नीलाबाई : गळ्यातलं लिंग विहिरीत पडल्यावर कारलं सोडून भागतं होय? लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, माहेरच्या विहिरीत, पवताना दोरा तुटला माझा. आपल्यात लिंग गेलं म्हणजे जीव गेला. ते सापडंस्तर घरात कुणाच्या तोंडात घास न्हाई, पाण्याचा घोट न्हाई. तुमच्यासंगट पाहुण्या आलेल्या तुमच्या आई विहिरीच्या काठावर बसून रडत होत्या. तवा जे सगळ्यात प्यारं होतं तेच बोलून गेले मी. हाती लागू दे, पुन्हा जन्मात पाण्यात उतरणार न्हाई.

गुरुपादप्पा : लागलं की हाती. तीस वर्षं पाळलंस बी.

नीलाबाई : पाळलं. आन तुमाला एक सांगू? हसू नका. मळ्यातली विहीर आटली ना, तवापासून मला वाटून राहिलं, मी पाण्याला सोडलं म्हणून पाण्यानं आपल्याला सोडलं.

गुरुपादप्पा : सगळ्या जिल्ह्याला? तुझ्यापायी? औशाला टँकर, निलंग्याला टँकर, उदगीरला टँकर, सगळं तुझ्या एकटीच्या डोक्यावर? लईच मोठी झालीस की तू.

नीलाबाई : म्हणलं होतं हसू नका.

गुरुपादप्पा : न्हाई हसत. बघ, न्हाई हसत.

(बाहेर टँकर थांबतो. घागरींचा गलका. नीलाबाई उठू लागते.)

गुरुपादप्पा : बस. सून उभी हाय रांगेत.

नीलाबाई : चहा तरी टाकते. पाणी येऊनच राहिलं आता.

गुरुपादप्पा : नको.

नीलाबाई : लई दिस झाले, चहा घेतला न्हाई तुमी. पाण्याची काटकसर म्हणून मी बोलले न्हाई. पण घोटभर चहानं काय आटणार हाय? सकाळी डोकं धरून बसता, दिसतं मला.

गुरुपादप्पा : सोडला मी चहा.

नीलाबाई : का म्हणून? झोपेतून उठवून चहा मागणारा माणूस तुमी.

गुरुपादप्पा : स्वामींकडं गेलो होतो. विचारलं, बायकोनं देवाला शब्द दिलाय, तो सोडवायचा कसा? ते म्हणले, दिलेलं परत मागायचं असंल तर त्या जागी दुसरं काही प्यारं ठेवायला लागतंय. मी म्हणलं, नवऱ्यानं ठेवलं तर? तवा ते म्हणले, चालतं, पण पळवाट काढू नका, खरंच प्यारं असंल तेच ठेवा.

नीलाबाई : आन तुमी चहा ठेवलात.

गुरुपादप्पा : माझ्याकडं दुसरं काय होतं? पोहायला तर मला येत न्हाई. आता तुझा शब्द सुटला, नीला. माझा चालू झाला.

नीलाबाई : मला विचारलं बी न्हाई.

गुरुपादप्पा : विचारलं असतं तर न्हाई म्हणली असतीस. रडू नको. सून येईल आत.

नीलाबाई : येऊ द्या. आवं, मग मला बी एक सांगू द्या. ते लिंग त्या दिवशी दुसऱ्याच बुडीत सापडलं होतं.

गुरुपादप्पा : दुसऱ्या? ऊन डोक्यावर येईस्तर तू खालीवर करत होतीस.

नीलाबाई : मुठीत होतं माझ्या. गच्च धरलं होतं. वर आले, दम घेतला, न्हाई सापडलं म्हणले, आन पुन्हा खाली गेले. बाहेर निघाले की संपलं, हे ठावं होतं ना मला. खाली कसं गार हिरवं होतं, आवं. कान मिटायचे. कुणाची सून न्हाई, कुणाची लेक न्हाई. काठावर सगळे उपाशी बसलेले, आन मी अजून एकदा, अजून एकदा करत राहिले.

गुरुपादप्पा : आन मी वर बसून देवाला हात जोडत होतो.

नीलाबाई : राग आला?

गुरुपादप्पा : न्हाई गं. चहा वाया गेला न्हाई, एवढंच वाटून राहिलं. बरं, ऐक. बेटावर जायचं तर आधी सराव नको का? तीस वर्षांनी एकदम दर्यात कशी उतरशील? विष्णुपुरीला तुझा भाऊ हाय. तिथं गोदावरी अडवून राहिलेत, पाणी तुंबलंय म्हणतो तो. येत्या सोमवारी नांदेडच्या गाडीत बसू.

नीलाबाई : लोक काय म्हणतील? म्हातारी पोहून राहिली.

गुरुपादप्पा : अंधुकलं असताना जाऊ. लिंग कापडात घालून दंडाला मी बांधतो. पोत्याची गाठ मारतो तशी, सुटायची न्हाई.

नीलाबाई : दम उरला असंल का पर माझ्यात?

गुरुपादप्पा : बघू की. मी काठावर हायच. जरा उशीर झाला की हाका मारीन.

नीलाबाई : हाका नका मारू.

गुरुपादप्पा : का?

नीलाबाई : त्या दिवशी बी मी तुमच्या हाकेनंच वर आले.