इंद्रभानसारखंच करून द्या

...नाही, पण तुम्हीच सांगा, माणसानं गाडीत बसावं, किल्ली फिरवावी आणि जावं, एवढंच असतं ना? पण आमच्या मोताळ्यातला हा इंद्रभान, माझा शेजारी, भिंतीला भिंत लागून, हा ओट्यावर उभा राहतो, खिशातून रिमोट काढतो, गाडीकडं बघतसुद्धा नाही, माझ्याकडं बघतो, माझ्याकडं! आणि बटण दाबतो. घुर्रर्र... आत कोणी नाही आणि गाडी चालू! परत दाबतो, आत पंखा चालू. परत दाबतो, आरशापाशी दिवा चालू! आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बायकोला ओरडतो, "सिंधू, ये वं! तुही सीट थंडी झाली!"

मी जळत नाही हो. जळणाऱ्यातला मी माणूसच नाही.

बरं, गाडी तरी कशी? जुनाट! एसी म्हणजे आजारी माणसानं फुंकर घातल्यासारखा. म्हणून तर हे जोडकाम. मी विचारलं नव्हतं हां, पण तो कुंपणाला टेकून सांगायलाच लागला, "काही नाही प्रेमानंदभाऊ, मलकापूरच्या कारभारी मेकॅनिकनं बसवून देल्लं. या रिमोट स्टार्टरले जादाच्या वायरी राह्यतात. त्याच्यावर रिले टाकला का पंखा चालवा, लाईट चालवा, काहीबी चालवा!" अरे चालव ना बाबा, मला कशाला सांगतो? आणि तेवढ्यात सिंधूताई येतात, सावकाश, बसतात, त्या दिव्यात टिकली सरळ करतात, केस भुरभुर उडताहेत, आणि म्हणतात काय, "माय वं, हिव वाजून राह्यलं मले!" मे महिन्यात! मोताळ्यात! जिथं रस्त्याचं डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत येतं, तिथं या बाईला हिव वाजतं!

आमच्याकडं असं काही नव्हतं. माझी बायको धम्मशीला ओला रुमाल डोक्यावर टाकून बसायची, मलकापूर येईपर्यंत तो वाळायचा, झालं. ती गेली त्याला हा दुसरा उन्हाळा. असो. विषय रिमोटचा चाललाय.

तर मी गेलो कारभारीकडं. जळून नाही हं, गाडीला काहीतरी करायचंच होतं! त्याच्या गालात खर्रा, हातात टेस्टर. म्हणाला, "बसवतो भाऊ, पण पंखा कुठी पाह्यजे? लाईट कुठी लावू?" मी म्हटलं, इंद्रभानसारखंच करून द्या. "हाव, पण भाऊ, त्यायचं काय हाये का..." मी म्हटलं, पण नाही आणि बिण नाही! इंद्रभानच्या गाडीत जे जिथं आहे, ते तिथं! एक वायर कमी नको की एक जास्त नको! त्यानं माझ्याकडं पाहिलं, बाजूला जाऊन थुंकला आणि म्हणाला, "हाव."

रात्री त्याच्या पोऱ्यानं गाडी दारात आणून लावली, हातात रिमोट दिला. दुसऱ्या दिवशी बाजार. मी ओट्यावर तयार, इस्त्रीचा शर्ट, खिशात रिमोट. पण बाहेर निघायचं कसं? इंद्रभान दिसल्याशिवाय? पार उन्हं चढेपर्यंत थांबलो. शेवटी आला एकदाचा, तोंडात ब्रश. मी आभाळाकडं बघत बटण दाबलं. घुर्रर्र! परत दाबलं, पंखा! परत, दिवा! त्याचा ब्रश तोंडातच थांबला... काय सांगू तुम्हाला, त्या फेसाळ तोंडाकडं बघून मला जे वाटलं ना, ते मी कोणाला सांगू शकत नाही, पण जेवणसुद्धा लागलं नसतं मला त्या दिवशी!

मग ऐटीत दार उघडून बसलो. अन् काय? भट्टी! स्टिअरिंग तापलेलं, पाठ चिंब, आणि पंखा? सुसाट! डाव्या सीटवर. दिवा? डाव्या सीटसमोरच्या आरशाला. सगळं डावीकडं! तिथं कोणी नाही आणि सीटचं कव्हर कसं मजेत फडफडतंय! मान वाकडी करून तोंड तिकडं नेलं, तर समोर ट्रॅक्टर!

तसाच गेलो कारभारीकडं. म्हटलं, अहो, चालवणाऱ्याला काहीच नाही? "भाऊ, इंद्रभानभाऊच्या गाडीतबी चालवनाऱ्याले काहीच नाही. त्यायनं ते बायकोसाठी लावलं. हेच तं सांगून राह्यलो होतो, तुमी आयकूनच नाही घेतलं." मग हसून स्क्रू ड्रायव्हर उचलला, "घ्या, फिरवून देऊ काय तुमच्याकडं?"

आता सरळ 'हो' म्हणायचं की नाही? पण त्या रिकाम्या सीटकडं बघितलं आणि म्हटलं, राहू द्या. असू द्या तिकडंच.

तरी मी जळत नाही हो! पण पुढच्या बाजाराला गाडी काढतोय, तर इंद्रभान दारात, हातात पिशवी. "भाऊ, बाजाराले चालले काय? मीबी येतो." आणि डावं दार उघडून, विचारायचं नाही, काही नाही, बसला! पाय पसरले, शर्टाची वरची दोन बटणं उघडली, डोळे मिटले. "आहाहा! भाऊ, मह्या गाडीत मले हे कधीच नाही भेटलं. सिंधू त्या सीटवरून उठतच नाही ना! मी आपला भाजून राह्यतो." आणि झोपला. घोरत! मी इकडं घामानं निथळतोय, आणि ज्याच्यावर मी... म्हणजे जळत नाही मी, ते सांगितलंच तुम्हाला... तो माझ्या पंख्यात घोरतोय!

आता दर बाजाराला येतो. परवा मी रिमोट दाबायचाच विसरलो, तसाच गाडीत बसलो. तो आत आला, चटका बसल्यासारखा उठला, गाल फुगवून म्हणतो, "काय हो भाऊ! मी यायच्या आधी दाबून ठेवत जा ना. सीट पाहा किती तापली!"

आणि मी, तुम्हाला सांगतो, मी चक्क म्हणालो, "चुकलं बाबा... पुढच्या वेळी ध्यान ठेवतो."