स्वस्तातला रंधा

धाकट्या भावाचं पत्र महिनाभर माझ्या पुस्तकात पडून होतं : 'बाबांचा रंधा स्वस्तातलाच होता. भंगारात देऊ का?'

आज हत्यारांच्या दुकानात खिळे घ्यायला गेलो, तर रांगेत पुढे मायलेकी.

"आई, ही पटाशी स्वस्त आहे."

"मूठ हलतेय बघ, म्हाताऱ्याच्या दातासारखी."

"मूठ काय, बदलता येते. बाबांनी त्यांच्या पटाशीची नव्हती बदलली?"

"दोनदा. पण पोलाद चांगलं होतं गं. तुझा पाळणा त्यांनी तिनंच घडवला."

"आणि तू ती विकलीस!"

"अडगळ वाटली, ते गेल्यावर. आता फिरतेय ना दुकानोदुकानी, तसलीच शोधत."

"मग ही घ्यायची?"

"नको. चल, पुढच्या दुकानात बघू."

खिळे न घेताच मी पोस्टात गेलो. 'दिला नसशील, तर देऊ नकोस. मी न्यायला येतोय,' एवढंच लिहून कार्ड पेटीत टाकलं.