उमादेवीचा आवाज, कुणीही पुसू नये

शिवप्रिया : पुसलं गेलेलं नाही काही, अप्पा. गाणी आत आहेत. त्यांचा पत्ता एवढा लांब झालाय की मशीन तो घेईना.

अण्णाराव : दुकानातला नंदीश तर म्हणाला, डिस्क खराब झाली, कोरी करून टाकू. म्या हातच लावू दिला न्हाय त्याला.

शिवप्रिया : बरं केलंत. हे फोल्डर तुमचेच ना?

अण्णाराव : व्हय. दर सोमवारी दुकान उघडायच्या आधी नवा करायचो अन् जुना त्याच्या पोटात ठेवायचो. नाव तेच, ‘उमादेवीचा आवाज, जपून ठेवणे, कुणीही पुसू नये’, अन् पुढं तारीख. ऑपरेशनात आवाजाची पेटीच काढली तुझ्या अव्वाची. जितकं खोल तितकं सुखरूप, असं वाटायचं.

शिवप्रिया : आपलं एकेक अक्षर इंग्रजीच्या तिप्पट जागा खातं. सगळी नावं जोडून रस्ता सांगायला गेलं, की मर्यादा संपते.

अण्णाराव : मग गेलंच म्हण की.

शिवप्रिया : नाही, ऐका. कंप्युटरच्या गाभ्यात कर्नल नावाचा मुख्य प्रोग्राम असतो. पुण्यात माझं काम त्याच्यावरच चालतं. रस्ता कितीही सांगा, तो एकदम जात नाही. एक नाव घेतो, ते दार शोधतो, आत जायची परवानगी आहे का बघतो, मग आत. मग पुढचं नाव.

अण्णाराव : दर दाराशी विचारून?

शिवप्रिया : दर दाराशी. साधा फोटो उघडला तरी. पापणी लवायच्या आत.

अण्णाराव : आरं शिवा! अन् आपल्याला खबरबी न्हाय.

शिवप्रिया : मग आपणही तसंच जायचं. आत उभं राहून फक्त पुढचं एक नाव सांगायचं. हे बघा. आत. अजून आत.

अण्णाराव : घेतंय की गं! सरळ चाललंय!

शिवप्रिया : आता त्यालाच विचारते, कुठं उभा आहेस?

अण्णाराव : काय म्हणतो?

शिवप्रिया : सांगता येत नाही म्हणतो. एवढा लांब पत्ता त्याच्याही तोंडात मावत नाही.

अण्णाराव : मंजी हरवला?

शिवप्रिया : छे. जागेवर पक्का उभा आहे. सांगता येत नाही, एवढंच.

अण्णाराव : ...उमा, खुर्ची वढ इकडं. अशी जवळ ये.

शिवप्रिया : हा शेवटचा फोल्डर. ‘मुरूम गावच्या मठातलं गाणं’. अव्वा, तुझंच आहे. आधी बाहेर काढून ठेवू का अप्पा?

अण्णाराव : आधी लाव.

(स्पीकरमधून उमादेवींचा मोकळा, भरदार आवाज येतो. खुर्चीतल्या उमादेवी डोळे मिटतात. ओठ हलू लागतात.)

शिवप्रिया : अप्पा, किती स्वच्छ आलंय बघा, एकसुद्धा...

अण्णाराव : हळू बोल, बाळा. ती गातीय.